मुलीला सांभाळायला राहती बाई की येऊन-जाऊन करणारी? (पर्वरी-गोवा, बजेट १५ हजार)

अबोली_पर्वरी (१८ मे)
नमस्कार. मुलगी पाच महिन्यांची आहे. २६ आठवड्यांची रजा १६ जूनला संपते. वेर्ण्याला नोकरी, कंपनीची बस सकाळी सव्वासातला, घरी यायला संध्याकाळचे सात. नवरा जहाजावर, ऑक्टोबरशिवाय येणार नाही. सासूबाई डिचोलीला, पण गुडघ्यांमुळे त्यांना बाळामागे धावणं जमणार नाही. बजेट सगळं धरून १५,०००, त्याच्या वर खरंच शक्य नाही. राहती बाई ठेवली तर पगाराशिवाय महिन्याला किती खर्च येतो? ज्यांनी ठेवली आहे त्यांनी हिशेबासकट सांगा, प्लीज.

म्हापसेकर
पंधरात राहती बाई विसरा. आम्ही २२ देतो आणि एक दिवससुद्धा पश्चात्ताप झालेला नाही. सहा वर्षं एकच बाई. मुलगा आता पहिलीत आहे, तिला माई म्हणतो, ताप आला की तिच्याच कुशीत जातो. मुलाच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

कुळागर
दादा, त्यांनी बजेट लिहिलं आहे हो.
अबोली, मी फोंड्याची. मागच्या वर्षी राहती बाई होती, वही ठेवली होती म्हणून नेमकं सांगते. पगार १७,०००. जेवण-चहा साडेचार हजार. साबण, तेल, रिचार्ज, औषधं मिळून हजार. एजन्सीचं कमिशन एक पूर्ण पगार, दिवाळीला आणखी एक. गावी जायचं तिकीट वर्षातून दोनदा, सहा हजार. बारा महिन्यांत वाटलं तर महिन्याला जवळजवळ २६ हजार पडतात. सतरा ऐकून ठेवली होती, हे लक्षात घे.
आणि एवढं करून ती चवथीला, म्हणजे गणपतीला, गावी गेली ती परत आलीच नाही. एजन्सीने बदली पाठवली, तिने बाळाला काखेत धरून एका हाताने उचललं. मी त्याच संध्याकाळी तिला परत पाठवलं. कमिशन गेलं ते गेलंच.

मांडवीकाठ
येऊन-जाऊन करणारीच ठेवा. आमची बाई चोडण बेटावरून फेरीबोटीने रायबंदरला येते. चालत येणाऱ्याला फेरी फुकट, म्हणजे प्रवासभाडं नाही. ११,०००, आठ ते साडेपाच. दुपारी आमच्याकडेच जेवते. फक्त पावसात एखाद्या दिवशी फेरी बंद पडली की माझी रजा गेली.

दिवाडी
फेरी अशी उगाच बंद पडत नाही. मी २० वर्षं फेरीने नोकरी केली, एकदाही लेट मार्क नाही.

मांडवीकाठ
मागच्या जुलैत दोन दिवस मी स्वतः धक्क्यावर उभी होते. तुमचा अनुभव तुमच्यापाशी.

म्हापसेकर
म्हणूनच म्हणतो, राहती बाई. ना फेरी, ना कदंबची बस. आमची तर लाईट गेली तरी कंदील लावून बाळाला झोपवायची.

शांताकाकू
गावाकडून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणावी. आमच्या वेळी सगळ्यांकडे असायची. चार हजारांत काम होतं, घरच्यासारखी राहते.

परिचारिका_मडगाव
काकू, हे लिहू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, आणि सोळा वर्षांची असली तरी तिची शाळा तिथेच सुटते. माझी मावशी अशी एका मोठ्या घरात राहिली होती. तिला आजही नीट वाचता येत नाही. लेकराला सांभाळायला लेकरू ठेवू नये.

शांताकाकू
बरं बाई. आमच्या काळी तसं होतं, एवढंच सांगितलं.

केप्याचा_बाबा
घरात कॅमेरा लावा. दोन हजारांत मिळतो, ऑफिसमधून मोबाइलवर बघता येतं. बाई राहती असो की जाणारी, फरक पडत नाही.

कुळागर
कॅमेऱ्यात दिसतं, पण वेर्ण्याहून पर्वरीला पोचायला तास लागतो. बघून करणार काय? आणि लावलाच तर बाईला आधी सांगून लावा.

केप्याचा_बाबा
सांगितल्यावर मग उपयोग काय?

परिचारिका_मडगाव
उपयोग हा की ती विश्वासाने काम करते. तिचं घरही नाही आणि खाजगीपणही नाही, असं कुणाला आवडेल?
अबोली, खर्चाचं वर आलंच आहे, मी बाकीचं लिहिते. राहती बाई म्हणजे चोवीस तास ड्युटी नव्हे. दिवसभर बाळ सांभाळून रात्रीही तीच उठली तर चौथ्या दिवशी दुपारी बाळाशेजारी ती गाढ झोपलेली असेल. रात्र तुझीच. तिला आतून कडी लागणारी खोली आणि आठवड्याची एक सुट्टी हवी. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे जमतंय का ते आधी बघ.
दूध काढून ठेवणार असशील तर बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. डब्यावर तारीख-वेळ लिहून ठेव. पावसात लाईट जाते, तेव्हा फ्रिज सारखा उघडायचा नाही हे बाईला सांग. सहा महिन्यांनंतर तिजण (नाचणीची पातळ खीर) सुरू करशील, ते बाईकडून तुझ्यासमोर दोनदा करून घे. आणि बाई जूनच्या पहिल्या आठवड्यातच बोलाव. तू घरात असताना आठवडाभर तिचा हात बघ.

कायद्याचं_बोलू
एक मुद्दा राहिला. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आधी लेखी विचारा.

अबोली_पर्वरी (२२ मे)
सगळ्यांचे आभार. कुळागरताई, तुमचा हिशेब छापून फ्रिजवर लावला आहे. पाळणाघराचं विचारलं. माणसं पन्नासच्या कितीतरी वर आहेत. खोली आहे असं सांगितलं, बघायला गेले तर फायलींचे गठ्ठे आणि एक मोडकी खुर्ची. लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.

म्हापसेकर
मग राहती बाईच. तुमची वेळच बारा तासांची आहे, येऊन-जाऊन करणारी कोण थांबणार?

मांडवीकाठ
या एका बाबतीत दादांना अनुमोदन. सात ते सात कोणी करत नाही. बजेट थोडं वाढवा.

कुळागर
मीही तेच म्हणेन. एजन्सी नको, ओळखीतून बघ, पण राहती.

अबोली_पर्वरी (८ जून)
ठरलं. सगळ्यांनी राहती सांगितलं, पण मी येऊन-जाऊन करणारीच ठेवली आहे. आमच्या मागच्याच वाड्यावरची, चालत सात मिनिटं. मूळची गदगची, इथे बारा वर्षं आहे, मराठी-कोंकणी दोन्ही बोलते. तिची चार वर्षांची मुलगी अंगणवाडीतून एक वाजता सुटली की आमच्याकडे येणार. त्या मुलीमुळेच तिला दोन घरांनी नाही म्हटलं होतं.
सात ते सात, १३,०००, दुपारचं जेवण दोघींचं. रविवार सुट्टी, महिन्याला दोन भरपगारी रजा. सासूबाई सोमवार ते बुधवार राहायला येणार, नुसत्या बसून लक्ष ठेवायला. १३ हजारांवर जेवणाचे दोन, मोजून पंधरा.
पहिल्या दिवशी ती मोठ्या पावसात आली. छत्री बाहेर ठेवली, पाय पुसले, काचेच्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मग बाळाकडे हात पुढे केले. मी काहीच सांगितलं नव्हतं. आज सातवा दिवस. तिची मुलगी पाळण्याजवळ बसून गाणी म्हणते आणि माझी मुलगी हसते.

म्हापसेकर
दोन मुलं सांभाळणारी बाई कधी ना कधी स्वतःच्या मुलाकडेच आधी धावणार. मी सांगून ठेवतो.

परिचारिका_मडगाव
आई आहे, तिचा हात बसलेला असेल. एकाला खोकला झाला तर काय करायचं ते मात्र आत्ताच बोलून ठेव.

कुळागर
छान झालं गं. चवथीचं काय ठरवलंस?

अबोली_पर्वरी
खोकल्याचं आजच बोलते. चवथीचे पाच दिवस तिचे. ती गदगला जाणार, मी माझी रजा आत्ताच टाकली आहे.