मदत हवी आहे: चवथीला सगळ्यांनी मिळून बघण्याजोगे मारामारीचे सिनेमे, ॲनिमेशन असल्यास उत्तम

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. आरत्या, जेवणं आटोपली की पोरांचा एकच धोशा, फायटिंगचा पिक्चर लावा. पोरं सात ते सतरा वयाची आणि मागे खुर्चीवर आजी. ती झोपत नाही, दर पाच मिनिटांनी विचारते, "हा कोणाच्या बाजूचा रे?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. हल्लीच्या ॲक्शनमध्ये कोण कोणाला मारतोय हे मलाही कळत नाही. कॅमेरा थरथरतो, डोळा ठरायच्या आत शॉट बदलतो, ठोसा एका शॉटमध्ये निघतो नि भलत्याच शॉटमध्ये लागतो. दशावतारात राजा नि राक्षस तलवारी घेऊन मृदंगाच्या तालावर नुसते गोल फिरतात, तरी पार मागे बसलेल्यालाही कळतं वरचढ कोण. कोट्यवधी खर्चून एवढंही जमू नये? आता मारामारी बघायची तर ॲनिमेशनमध्येच, असं माझं मत झालंय. तिथली प्रत्येक हालचाल कोणीतरी बसून आखलेली असते. 'कार्टून म्हणजे पोरांचं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तर एक, सिनेमे सुचवा. हिंदीत असलेले बरे, रक्ताचे सडे नकोत. दोन, काकांच्या नव्या टीव्हीवर कुठलाही सिनेमा लावला की दुपारच्या सिरियलसारखा गुळगुळीत दिसतो. मारामारी तर तालीम चालल्यासारखी वाटते. टीव्ही बिघडलाय की माझे डोळे?

अंत्रुजी:
दोन्ही ठीक आहेत, एक सेटिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, टीव्हीचा पडदा 60 किंवा 120 वेळा ताजा होतो. मधल्या जागा भरायला टीव्ही स्वतःच चित्रं बनवून घुसडतो. सोनीत याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. 'फिल्ममेकर मोड' दिसला तर डोळे झाकून तोच लावा. टॉम क्रूझने 2018 मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हेच बंद करायला सांगितलं होतं.

ॲनिमेशनचं तर जास्तच वाटोळं होतं. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (2018) घ्या. त्यात दोन स्पायडर-मॅन आहेत: नवशिका पोरगा माइल्स सुरुवातीला मुद्दाम सेकंदाला 12 चित्रांत हलवलाय आणि मुरलेला पीटर 24 मध्ये. जंगलात दोघं जाळ्यांवर झोके घेत पळतात तिथे नीट बघा, पोरगा अडखळतोय हे कोणी न सांगता कळतं. टीव्हीने मधली चित्रं भरली की नवशिका नि वस्ताद एकाच मापाचे! तुमच्या यादीत हा पहिला.

माडाखालचा:
आजीसाठी 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम'. युगो साको आणि आपले राम मोहन, भारत-जपान मिळून केलेलं, हाताने काढलेलं काम. 2025 च्या जानेवारीत थिएटरात परत आला तेव्हा हिंदीतही होता. कोण कोणाच्या बाजूचा हे आजीच तुम्हाला सांगेल. कुंभकर्ण येतो तिथे धाकट्यांना जवळ घ्या.

'महावतार नरसिंह'ही सुचवतील लोक. जोरदार आहे, पण हिरण्यकशिपूचा शेवट सात वर्षांच्या पोराला झेपेल का ते आधी स्वतः बघून ठरवा. आता नव्या सिनेमांच्या प्रमाणपत्रावर यूए 7+, 13+, 16+ असं लिहिलेलं असतं, त्याचा उपयोग करा.

वाळपईचा वाघ:
ॲनिमेशनवाल्यांनो, तिथे कोणाला लागत नाही हो! जॅकी चॅनचा 'पोलीस स्टोरी' (1985) लावा. मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो खरोखर घसरत खाली आला, हात भाजले. मारामारीत कॅमेरा लांब ठेवलाय, अख्खा माणूस दिसतो. शेवटी नावं पडताना फसलेले स्टंट दाखवतात, पोरं तेच पुन्हा पुन्हा लावायला लावतील. डिचोलीकर, तुमचं भांडण कॅमेरावाल्याशी आहे, माणसांना कशाला बाद करताय?

डिचोलीकर:
वाघसाहेब, अर्धं मान्य. चॅनसारखे किती उरलेत तेही सांगा. तरी मोठ्या पोरांसाठी लावतो, लाईट टिकली तर.

अंत्रुजी, मेनूत 'ज्युडर' (झटके) आणि 'ब्लर' (धूसरपणा) अशा दोन पट्ट्या सापडल्या. दोन्ही शून्यावर आणू? काका विचारतायत, क्रिकेट बिघडणार नाही ना?

अंत्रुजी:
दोन्ही शून्यावर. क्रिकेटला काकांनी 'स्पोर्ट्स' मोड लावावा, तिथे ते राहू दे. आणि एक, बरेच टीव्ही हे सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळं धरतात. सेटटॉप बॉक्सवर बंद केलं आणि सिनेमा पेनड्राइव्हवरून लावला तर परत तीच सिरियल. ज्यावरून लावणार त्यावर जाऊन बंद करा, आदल्या दिवशीच.