१० मीटर एअर रायफल: छर्रे घरी तोलून-मापून निवडायचे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे, १० मीटर एअर रायफल करते. आम्ही मुलुंडचे. एरवी घराजवळच्या क्लबात सराव, शनिवारी वरळीची रेंज. आजवर रायफल क्लबची आणि छर्रेही क्लबचेच, त्यामुळे डोक्याला ताप नव्हता. आता तिच्यासाठी जुनी पण चांगल्या कंपनीची पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घेतली आणि सर म्हणाले, "या बॅरलला कोणता छर्रा मानवतो ते आधी शोधा."

दुकानात गेलो तर एकाच कंपनीच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे छर्र्याच्या डोक्याच्या व्यासाचे आकडे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक! पण टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आणि ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर, म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखंही नाही.

यूट्यूबवर काही मंडळी प्रत्येक छर्रा मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात, मग गेजमधून डोक्याचा व्यास बघतात. डबीत ५०० छर्रे. म्हणजे रविवारची दुपार झवेरी बाजारातल्या पेढीवर बसल्यासारखी घालवायची. बायकोने विचारलंच, "नेम तिने धरायचा की तुम्ही?"

तर प्रश्न असे. काटा आणि गेज घ्यावा का, की तेच पैसे छर्र्यांवर घालावेत? सिलिंडर भरायला हातपंप चालेल का? आमचं घर वन बीएचके, खाली आजी-आजोबा राहतात, कंप्रेसरचा आवाज त्यांना सोसणार नाही. तिसरं म्हणजे जुलैत उघडलेल्या डबीतल्या छर्र्यांवर पांढरी भुकटी दिसते आहे. पुसून वापरू का?

लायसन्सचं विचारत नाही. ४.५ मिमी बोअर आणि २० जूलच्या आतली रायफल आहे.

प्रतिसाद १
काका, काटा राहू द्या. १० मीटरवर वजनातल्या किरकोळ फरकाने फारसं बिघडत नाही, आणि मॅच ग्रेडचे (स्पर्धेसाठी बनवलेले) छर्रे मुळातच निवडून येतात. बॅरलशी जमतो की नाही हे बघायचं ते लॉटचं, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचं. वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी घ्या, रायफल शिकंज्यात धरून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट एकाच ठिकाणी मारा. लॉट बदलला की आधी चार-पाच शॉट सोडून द्या, मग मोजा. चांगल्या लॉटचं भोक एका छर्र्याच्या भोकापेक्षा थोडंसंच मोठं दिसतं; न जमणाऱ्या लॉटचं लांबट होतं किंवा एखादा शॉट बाजूला पडतो. हे हातात धरून करू नका, नाहीतर मुलीच्या श्वासाचा हिशेब छर्र्याच्या नावावर जाईल. जमलेला लॉट सापडला की डबीवरचा नंबर लिहून ठेवा आणि परवडेल तितका त्याच नंबरचा माल उचला. पुढच्या खेपेला त्याच ब्रँडचा, त्याच मापाचा डबा वेगळा वागू शकतो.

प्रतिसाद २
हातपंप चालतो, पण दाब २०० बारपर्यंत न्यायला घाम निघतो आणि आपल्या हवेतली वाफही आत जाते. ओलावा अडवणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या, मध्ये थांबून गार होऊ द्या. त्यापेक्षा क्लबच्या ३०० बारच्या टाकीवरून भरून आणणं सोपं. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन मात्र चुकूनही भरू नका, स्फोट होतो. आणि रायफल जुनी म्हणालात, तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आज रात्रीच बघा. मुदत संपलेला असेल तर त्यात हवा भरू नका. स्पर्धेतही तो चालत नाही.

प्रतिसाद ३
पांढरी भुकटी म्हणजे शिशाला लागलेली हवा. ते छर्रे पुसत बसू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. शिसं विषारी आहे. ती डबी बाजूला काढा. नवीन डबी हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, खिडकीपाशी नको. रेंजवरून निघताना लेकीला साबणाने हात धुवायला लावा, वडापाव त्यानंतर. आमच्याकडे पोरं नेमकं उलटं करतात.

धागाकर्ता
आभारी आहे. सिलिंडरची तारीख बघितली, अजून तीन वर्षं आहेत. शिकंजा क्लबात आहे का ते उद्या विचारतो. नसेल तर ठाणे-मुलुंड पट्ट्यात कोणाकडे मिळेल का?