लिंक्सच्या तुटक वस्त्या जोडायला नुसतं जंगल पुरत नाही का?

रानवेडा
स्लोव्हेनिया-क्रोएशियाच्या दिनारिक डोंगरांत १९७३ मध्ये सहा लिंक्स (आखूड शेपटीची, ठिपकेदार मोठी रानमांजरं) सोडले. वस्ती वाढली, बोस्नियापर्यंत पसरली आणि मग खालावली. तिथून आल्प्सपर्यंत जंगल बऱ्यापैकी आहे. तरी लिंक्स आपणहून तिकडे का स्थिरावले नाहीत? आणि बाहेरून जनावरं आणतात म्हणजे नक्की काय करतात?

पाऊलखुणा
खालावण्याचं मूळ त्या सहांतच आहे. स्लोव्हाकियातून आणलेल्या त्या जनावरांत काही जवळच्या नात्यातली होती आणि पुढे बाहेरून एकही नवं आलं नाही. आई-बाप किती जवळचे नातलग हे अंतःप्रजनन गुणांक सांगतो. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात तो ०.२५ असतो, इथे अख्ख्या वस्तीचा ०.३ च्या आसपास गेला होता.

आल्प्सचं उत्तर माद्यांच्या स्वभावात आहे. पिल्लं साधारण दहा महिन्यांची झाली की आईपासून सुटतात. नर लांब जातात. माद्या बहुधा आईच्या हद्दीला लागूनच ठाण मांडतात. मध्ये ल्युब्लियानाहून किनाऱ्याकडे जाणारा कुंपणबंद महामार्ग आहे. एखादा नर तो ओलांडतोही, पण पलीकडे मादीच नसेल तर वस्ती होत नाही. म्हणून २०२१ मध्ये ज्युलियन आल्प्समध्ये नर आणि माद्या मिळून पाच लिंक्स एकदम सोडले. दिनारिक डोंगर आणि पुढचे आल्प्स यांना जोडणारी ही मधली वस्ती. तिथे पिल्लं झाली. महामार्गावर ओलांडायच्या जागा हव्यातच, पण पलीकडे माद्या असतील तरच त्या जागांचा उपयोग.

कातळवाट
पद्धतीबद्दल लिहितो. 'लाइफ लिंक्स' प्रकल्पात (२०१७ ते २०२४) रोमानिया आणि स्लोव्हाकियातून जनावरं आणली. दोन्हीकडचे लिंक्स कार्पेथियन डोंगरांतल्या वंशाचे, म्हणजे १९७३ च्याच मूळ वस्तीतले, पण ताजे.

पकडायचा हंगाम हिवाळा. मे-जूनमध्ये माद्या वितात, त्यामुळे काम त्याआधी उरकावं लागतं. लिंक्स जिथे नेहमी मूत्राचा फवारा मारतात अशा खडकापाशी किंवा वाटेवर दोन्ही तोंडं उघडी असलेला पेटी-पिंजरा लावतात. दार पडलं की फोनवर संदेश येतो. आत जनावर जितका वेळ अडकून पडेल तितके दात आणि नखं तुटण्याची भीती, म्हणून पथक जवळच हवं. भूल देऊन वजन, रक्त, डीएनए, विषाणू चाचण्या, रेबीजची लस आणि मग विलगीकरण.

सोडायच्या जागी पुन्हा काही आठवडे जंगलातल्या मोठ्या कुंपणात ठेवतात. थेट सोडलं तर जनावर भरकटतं, पकडलं त्या दिशेनं चालत सुटतं. कुंपणात खायला हरणाचं मांस. पण माणूस दिसता कामा नये. स्लोव्हेनियात ही कुंपणं सांभाळण्यात स्थानिक शिकारी मंडळांचा मोठा वाटा होता. मला ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण बेकायदा गोळी हा लिंक्सचा मोठा शत्रू आहे आणि बंदुका त्याच गावांत असतात.

रानवेडा
शिकारी मंडळं याला राजी कशी झाली? लिंक्स त्यांचीच हरणं खाणार ना?

कातळवाट
खातोच. मोठा लिंक्स आठवड्याला साधारण एक रो हरिण (युरोपातलं लहान हरिण) मारतो. पण एका नराची हद्द शंभर-दोनशे चौरस किलोमीटरची, त्यामुळे एकाच मंडळाच्या रानावर भार पडत नाही. तिथे अस्वलं मात्र लिंक्सची शिकार हिसकावतात. स्लोव्हेनियातल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश शिकारींपर्यंत अस्वल पोचलं होतं. मग लिंक्सला पुन्हा मारावं लागतं. हरणांचा हिशोब मांडताना हे सुटतं.

पाऊलखुणा
एक भर. यश मोजताना सोडलेली जनावरं मोजू नयेत, त्यांची वाढलेली पिल्लं मोजावीत. ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, पण डावी-उजवी कूसही सारखी नसते. म्हणून कॅमेरा ट्रॅप समोरासमोर दोन लावायचे. एकच लावला तर तोच लिंक्स दोनदा मोजला जातो. बाप कोण हे मात्र केस आणि विष्ठेतल्या डीएनएवरूनच कळतं. नवा नर माग काढायची कॉलर गळ्यात घेऊन वर्षभर फिरला आणि हद्द मिळवू शकला नाही, तर वस्तीच्या रक्तात त्याची भर शून्य.

वस्ती लहान आणि एकटीच राहिली तर अंतःप्रजनन पुन्हा चढतं. आल्प्सची वाट सुरू होईपर्यंत अधूनमधून नवी जनावरं आणत राहावी लागतील, आणि त्याचा खर्च आत्ताच धरून ठेवायला हवा.