परदेशी पदवीवर पीएसआय: समकक्षता आधी, अर्ज नंतर

लातूरच्या दादांनी विचारलंय, परदेशी विद्यापीठाच्या बीएवर पीएसआयचा (पोलीस उपनिरीक्षक) अर्ज चालेल का. चालेल, पण नुसत्या पदवीवर नाही. एमपीएससीला (महाराष्ट्र लोकसेवा आयोग) पदवी किंवा समकक्ष अर्हता लागते आणि समकक्षता, म्हणजे आपली पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची आहे हे, सिद्ध करणं उमेदवाराचंच काम. पूर्वी समकक्षतेचं प्रमाणपत्र भारतीय विद्यापीठ संघ द्यायचा. एप्रिल २०२५ च्या नियमांनुसार आता यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोग) ऑनलाइन अर्ज करायचा. पदवी, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील तयार ठेवा. कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतरही. फ्रँचायझी केंद्रातून, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेने चालवलेल्या केंद्रातून, घेतलेली पदवी अडकते, हे प्रवेशाआधीच तपासायला हवं होतं, पण आपल्या भागात एजंट ते सांगत नाहीत याचं वाईट वाटतं.

खरी गफलत नावात होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव गायब. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, कागदपत्र तपासणीच्या आदल्या दिवशी नांदेड-लातूरला धावपळ नको.

पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, त्यामुळे समकक्षता येईपर्यंत ती वाट मोकळी आहे. उंची मात्र दोन्हीकडे पुरुषांना १६५ सेंमी.