स्ट्रिंग थिअरीतली ‘स्ट्रिंग’ : दोरी, तार, सूत्र की तंतू?

विज्ञान दिनाला नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठीतून तासभर बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला आहे: सैद्धांतिक भौतिकी, म्हणजे स्ट्रिंग थिअरीपासून सूर्याकडून येणाऱ्या प्लाझ्मापर्यंत. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘स्ट्रिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

आतापर्यंत ऐकलेले चार शब्द मांडतो.

‘दोरी’ मी लगेच बाजूला ठेवला. दोरीनं बांधतात, ओढतात, पण दोरी वाजत नाही, आणि या सिद्धांतात सगळा कारभार कंपनांचा आहे. इलेक्ट्रॉन वेगळा, फोटॉन वेगळा असं न मानता एकाच प्रकारची स्ट्रिंग वेगवेगळ्या तऱ्हेनं कंप पावते आणि त्या कंपनांनाच आपण वेगवेगळे कण म्हणतो, हे त्यातलं मूळ म्हणणं.

‘सूत्र’ संस्कृतात धागाच आहे. पण मराठी विद्यार्थ्याला सूत्र म्हटलं की फॉर्म्युला आठवतो. गंमत अशी की इतिहास पाहिला तर हा सिद्धांत खरोखर सूत्र म्हणूनच जन्मला. १९६८ साली गॅब्रिएल व्हेनेझियानो यांनी कणांच्या टकरींसाठी एक सूत्र मांडलं. ते ज्याचं वर्णन करतं ती वस्तू म्हणजे कंप पावणारी स्ट्रिंग आहे, हे १९७० च्या सुमाराला नांबू, नील्सन आणि सस्किंड यांच्या ध्यानात आलं. म्हणजे आधी सूत्र हाती आलं, धागा मागून दिसला.

‘तार’ मला बराच काळ पटत होता, कारण तार वाजते. पण तार म्हटलं की धातू आला, जाडी आली, कुंपण आलं, आणि माझ्या पिढीला तर पोस्टमनही आठवतो. भौतिकीतल्या स्ट्रिंगला लांबी आहे, जाडी नाही, आणि ती कशाची बनलेली आहे या प्रश्नाला तिथे जागाच नाही.

उरला ‘तंतू’. मला हाच शब्द हवा आहे. ‘तंतुवाद्य’ शब्दामुळे त्यात नाद आहे. पण खरं कारण त्याच्या धातूत आहे. संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणं, पसरणं. त्यातूनच तंतू, ताण आणि गवयाची तानही. इंग्रजीतले टेन्शन आणि टोन हे शब्दही दूरच्या नात्यानं त्याच मुळाशी जातात. आणि भौतिकीतल्या या स्ट्रिंगचा सगळ्यात मूलभूत गुण कोणता? ताण. तिच्या दर एकक लांबीत किती ऊर्जा आहे, ते हा ताणच सांगतो, आणि कंपनांतून येणाऱ्या कणांची वस्तुमानं किती पट्टीत असतील तेही त्याच्यावरच ठरतं. शब्दाच्या पोटात जो अर्थ आहे तोच सिद्धांताच्या पोटात आहे. परिभाषेत असं फार क्वचित जुळून येतं.

तुमचं मत हवं आहे. हरकती असतील तर त्या आधी सांगा.

प्रतिसाद : सर, तंतू म्हटलं की मला कापूस आणि आहारातले तंतुमय पदार्थ आठवतात. मुलांना सरळ ‘स्ट्रिंग’ सांगितलं तर बिघडतं कुठे? पुढे सगळं इंग्रजीतूनच शिकायचं आहे त्यांना.

उत्तर : ‘स्ट्रिंग थिअरी’ हे नाव मी भाषणात सांगणारच आहे, ते लपवायचं काहीच कारण नाही. पण नाव सांगणं वेगळं आणि कल्पना पोचवणं वेगळं. ‘स्ट्रिंग’ ऐकून अकरावीच्या मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. ‘तंतू’ ऐकून कापूस उभा राहिला तरी हरकत नाही, तिथून पुढे नेता येतं. मज्जातंतू म्हणताना आपल्याला कापूस आठवतो का? तसा हाही शब्द रुळेल.

प्रतिसाद : मी गोळीबार चौकाजवळची. आजोबांच्या घरी माग होता. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा, हे लहानपणी पाठच झालं होतं. तुमचं ‘तन्’ वाचलं आणि ‘ताणा’ म्हणजे काय ते आज कळलं. आजोबा म्हणायचे, “ताणा ढिल्ला झाला तं धोटा चालत नाही, बावा.” धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. हा ताणा त्याच घरातला का?

उत्तर : ताई, अगदी त्याच घरातला, आणि हे मला सुचायला हवं होतं. ‘तंत्र’ या शब्दाचा जुना अर्थसुद्धा माग किंवा मागावरचे उभे धागेच. संस्कृतात विणकराला तंतुवाय म्हणतात. ‘तंतोतंत’ आपण रोज बोलतो, त्यातही धाग्याला धागा जुळणंच आहे. आजोबांचं वाक्य भाषणात घेऊ का? ताण नसेल तर तंतू नुसता पडून राहतो, ही गोष्ट त्यांच्याइतकी थोडक्यात मला सांगता आली नसती.

प्रतिसाद : तानपुऱ्याचा दाखला द्याच. जोडाची तार खुंटीनं चढवली की स्वर चढतो, हे कुणालाही ऐकवता येतं.

उत्तर : तानपुरा मंचावर ठेवणारच आहे. तारेवरच्या लाटेचा वेग ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे बाकी काही न बदलता ताण चौपट केला तर स्वर बरोबर एक सप्तक वर जाईल. तार तेवढा ताण सोसणार नाही, म्हणून प्रयोग थोडक्याच चढावर करायचा.

आणि तानपुऱ्याला नागपूरचा एक धागा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन प्राध्यापक होण्याआधी सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते आणि त्या नोकरीत काही काळ त्यांची नेमणूक नागपुरात होती. पुढे १९२१ साली त्यांनी वीणा आणि तानपुऱ्यावर लिहिलं. त्यांनी पकडलेली गोष्ट अशी. तार बरोबर मधोमध छेडली तर ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांचा, स्थिर बिंदू त्या मध्यावर येतो ते ऐकू येऊ नयेत, असा नियम आहे. तानपुरा तो नियम पाळत नाही. घोडी सपाट धारेची नसते, तिला हलकी गोलाई असते आणि तार तिच्यावर निजल्यासारखी टेकते. तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत गेलं की एका जागी आवाज एकदम उघडतो. त्यालाच आपण जवारी लागली म्हणतो. त्या क्षणी तार घोडीला चाटत कंप पावत असते, आणि जे उपस्वर यायला नकोत तेही येतात. त्यांच्याच नावाच्या इथल्या रमण विज्ञान केंद्राच्या समोरून जाताना मला दर वेळी हा दोरा आठवतो.

प्रतिसाद : मी रक्तपेढीत काम करते. कोविडच्या दिवसांत ‘प्लाझ्मा द्या’ हे एवढं कानावर पडलं आहे की तुमच्या सूर्यावरच्या प्लाझ्म्यात मुलं गोंधळतील. विश्वकोशात ‘आयनद्रायू’ असा शब्द आहे ना?

उत्तर : आहे. ‘द्रायू’ हा शब्द मला फार आवडतो. द्रव आणि वायू एकत्र करून वाहणाऱ्या प्रत्येक पदार्थासाठी घडवलेला, द्रायुयामिकीतला. ‘आयनद्रायू’त मात्र इलेक्ट्रॉन नावापुरतेही दिसत नाहीत, आणि प्लाझ्म्यात आयनांइतकेच तेही महत्त्वाचे. माझा कौल इथे ‘प्लाझ्मा’लाच आहे.

गोंधळाबद्दल सांगायचं तर दोन्ही प्लाझ्म्यांचं नातं खरंच आहे. आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ साली विद्युत् विसर्गातल्या आयनयुक्त वायूला हे नाव दिलं. त्यांच्या सहकाऱ्याच्या आठवणीप्रमाणे, रक्तातला प्लाझ्मा जसा पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, असं त्यांना वाटलं होतं. तेव्हा मुलांना सुरुवात तुमच्या रक्तपेढीपासूनच करून देतो.

प्रतिसाद : स्ट्रिंग आणि प्लाझ्मा एकाच भाषणात कसे बसवणार? एक इतकं सूक्ष्म की मोजता येत नाही, दुसरं सूर्यापासून पृथ्वीपर्यंत पसरलेलं.

उत्तर : हा प्रश्न मलाही छळत होता. ताईंचा ‘ताणा’ वाचल्यावर वाट सापडली.

शाळेत आपण चुंबकीय ‘बलरेषा’ शिकतो. कागदावर लोहकीस टाकला की दिसणाऱ्या त्या वक्र रेषा. रेषा म्हणजे कागदावरची खूण, तिला कसला ताण? पण प्लाझ्म्यात हे चित्र बदलतं. तिथे वीज इतकी सहज वाहते की बलरेषा पदार्थात गोठल्यासारख्या अडकून राहतात. प्लाझ्मा सरकला की त्याही सरकतात, आणि वाकवल्या की सरळ व्हायला बघतात. म्हणजे त्यांच्यात ताण असतो. हॅनेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली दाखवलं की या ताणलेल्या बलरेषांवरून लाटा धावू शकतात. त्यांच्या वेगाचं सूत्र तानपुऱ्याच्या तारेचंच आहे: वर ताण, खाली वस्तुमान, आणि सगळ्याचं वर्गमूळ. फरक एवढाच की ताण चुंबकीय क्षेत्राचा आणि वस्तुमान दर घनमीटर प्लाझ्म्याचं. या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं.

तेव्हा प्लाझ्म्यात ‘बलरेषा’ऐवजी ‘बलतंतू’ म्हणावं का? पाठ्यपुस्तकातला शब्द बदला असं मी म्हणणार नाही, पण भाषणात एकदा म्हणून बघणार आहे.

आदित्य एल-१ चा उल्लेख इथेच येईल. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडून येणारा प्लाझ्मा आणि त्यातलं चुंबकीय क्षेत्र मोजतं. हा सौर वारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं येतो असं धरलं तर यानाला लागलेली झुळूक पृथ्वीशी तासाभरात पोचते. ‘सौरवात’ हा शब्द मी टाळतो. आपल्याकडे वात म्हटलं की समईतली तरी किंवा सांध्यातला तरी.

प्रतिसाद : मॅग्नेटोस्फिअरला ‘चुंबकांबर’ वाचलं आहे. तपांबर, स्थितांबर, आयनांबर यांच्या पंगतीत बसतो, पण अंबर म्हणजे आकाश, आणि हे तर पृथ्वीभोवतीचं कवच. जुळतो का?

उत्तर : जुळतो, आणि फार सुंदर जुळतो. अंबर म्हणजे वस्त्रसुद्धा, पीतांबरातलं. पृथ्वीनं पांघरलेलं चुंबकाचं वस्त्र. सूर्याकडच्या बाजूला सौर वारा ते दाबतो आणि मागच्या बाजूला पदरासारखं लांबवर ओढतो. १० आणि ११ मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबूस प्रभा दिसली. नागपुरातून ती दिसण्याचं कारण नव्हतं, पण इथे भूचुंबकीय वेधशाळा आहे. आपल्या डोळ्यांना जे कळत नाही ते तिथल्या उपकरणांना कळतं.

प्रतिसाद : ‘तंतू’ मान्य. पण ‘सिद्धांत’ला माझी हरकत आहे. मी संस्कृत शिकवत असे. सिद्ध झालेला अंत तो सिद्धांत. हे सिद्ध झालं आहे का?

उत्तर : बाई, प्रयोगानं नाही. १९७४ साली शेर्क आणि श्वार्त्स यांनी दाखवलं की वेढा घेतलेल्या तंतूच्या एका कंपनात गुरुत्वाकर्षणाचा कण सापडतो. १९८४ नंतर ग्रीन आणि श्वार्त्स यांच्या कामामुळे जगभर लोक याकडे वळले. आपल्याकडे प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत अशोक सेन यांनी यात मोलाचं काम केलं आहे. गणित भक्कम आहे, पण तंतूचा आकार १०⁻³⁵ मीटरच्या आसपास असेल तर तिथपर्यंत आपलं कुठलंच यंत्र पोचत नाही.

‘उपपत्ती’ हा शब्द मनात आहे. आपल्या जुन्या गणितात निष्कर्ष युक्तीनं पटवून देणं म्हणजे उपपत्ती, आणि या विषयाची आजची स्थिती तीच आहे. ‘तंतू-उपपत्ती’ बोलताना अडखळायला होतं खरं. भाषणात ‘तंतूंची उपपत्ती’ असं सोडवून म्हणतो.

आता एकच जागा रिकामी आहे. ‘ओपन स्ट्रिंग’ला ‘मोकळा तंतू’ ठरवला आहे. ‘क्लोज्ड’ला ‘बंद तंतू’ म्हटलं की तो चालत नाही असं वाटतं, आणि ‘वेटोळं’ म्हटलं की साप. दोन्ही टोकं जोडून कड्यासारख्या झालेल्या धाग्याला मागावर किंवा घरात एखादा शब्द असेल तर रविवारपर्यंत कळवा.

प्रतिसाद : आईला विचारून सांगते. ती अजून मागासाठी कांडी भरते.