जहाजावर जाणाऱ्या पोरांना नेमकं कुठलं इंग्रजी शिकवायचं?

म्हापशेकर_टीचर

नमस्कार मंडळी. मी म्हापशाला हॉटेल आणि क्रूझच्या नोकऱ्यांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवते. पोरं पेडणे, डिचोली, सत्तरी इथली, घरात कोकणी नाहीतर मराठी, बऱ्याच जणांची प्राथमिक शाळा मराठीतून झालेली. कामाला वाघ आहेत पण इंग्रजीत बोल म्हटलं की मान खाली जाते. आमच्याकडचं ऐकायचं सगळं मटेरियल ब्रिटिश आवाजातलं, आणि क्लासच्या सरांचा आग्रह असा की आधी ॲक्सेंट सुधारा. पण जे आधी जहाजावर गेलेत ते सुट्टीवर आले की सांगतात, मॅडम तिथं ब्रिटिश भेटतच नाहीत फारसे, सुपरवायझर फिलिपिनो, केबिनमध्ये सोबतीला इंडोनेशियन, पाहुणे कधी सिंगापूरचे कधी जपानचे कधी अमेरिकन, आणि सुरुवातीला कानाला काही म्हणजे काही लागत नाही.

मग मी हे शिकवतेय ते कोणाशी बोलण्यासाठी? चूक कशाला म्हणायचं आणि कशाला नाही? एखादा पोरगा "थँक यू" आपल्या थ नेच म्हणतो, त्याला दहा वेळा थांबवायचं का? प्लीज कोणी नीट सांगा, नवीन बॅच सुरू होतेय.

दर्यावर्दी_वास्को

मॅडम, तुमची पोरं अगदी खरं सांगतात. मी बरीच वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगला आहे, सध्या घरी आलोय म्हणून लिहितो. फिलिपिनो लोकांचं इंग्रजी चांगलं असतं, आपल्यापेक्षा बिनधास्त बोलतात, पण अमेरिकन वळणाचं, र जोरात, आणि त्यांच्यात फ चा प आणि व्ह चा ब होतो कधी कधी, त्यामुळे "कॉफी" आणि "कॉपी" एकदम ऐकू आलं तर संदर्भावरून ओळखायचं. टॉयलेटला सीआर म्हणतात. फोनवर "फॉर अ व्हाइल" म्हणाले तर थांबा म्हणतायत, फोन ठेवायचा नाही, नवीन पोरं इथं हमखास गडबडतात. सिंगापूरचा पाहुणा नुसतं "कॅन, कॅन" म्हणतो, म्हणजे चालेल. हे कुठल्या पुस्तकात नसतं पण रोज लागतं.

आणि आपल्या पोरांचं काय अडतं सांगू? थ नाही अडत. अडतात आकडे. फिफ्टीन की फिफ्टी, थर्टीन की थर्टी. टॉवेल चुकीच्या केबिनला जातात आणि ओरडा बसतो. दुसरं म्हणजे स्पीड, घाबरलं की आपण सुसाट बोलतो आणि वाक्याचं शेपूट गिळतो. तिसरं, कळलं नाही तरी "येस सर" म्हणून मोकळे होतात. "सॉरी, कॅन यू से दॅट अगेन" हे एवढं वाक्य लाज न बाळगता म्हणायला शिकवा, फार उपकार होतील.

अंत्रुजी_मास्तर

दर्यावर्दी भाऊंनी जे अनुभवातून लिहिलंय तेच भाषाशास्त्रवाले गेली चाळीस-पन्नास वर्षं सांगतायत. मी फोंड्याकडे कॉलेजला इंग्रजी शिकवतो, विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

आपल्या श्रीनगरात जन्मलेले ब्रज काचरू, पुढे अमेरिकेत इलिनॉयला प्राध्यापक होते, त्या भाषाशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे. मधल्यात भारत, सिंगापूर, मलेशिया, फिलिपिन्स, जिथं इंग्रजी राज्यकर्त्यांसोबत आली आणि राहिली. बाहेरच्यात चीन, जपान, थायलंड, इंडोनेशिया, जिथं ती परकी भाषा म्हणून शिकतात. मुद्दा असा की मधल्या वर्तुळातलं इंग्रजी हे अर्धवट शिकलेलं ब्रिटिश इंग्रजी नव्हे, त्याला स्वतःचे नियम आहेत. फिलिपिनो अमेरिकन वळणाने बोलतात कारण १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून अमेरिकेने पाचशेच्या वर शिक्षक तिथं पाठवले. आपल्याकडे शेजारी मुंबई इलाख्यात इंग्रज आणि गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज, आणि गोव्याच्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी "नो?" आणि "मेन" येतं. प्रत्येकाचं इंग्रजी असं कुठून तरी आलंय.

आता तुमचा प्रश्न. जेनिफर जेन्किन्स या बाईंनी २००० मध्ये एक यादी केली, दोन परदेशी माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा कशामुळे खरोखर गैरसमज होतो आणि कशामुळे नाही याची. थ, द चे उच्चार त्यात नाहीत, म्हणजे पोराला थांबवू नका. पण ऱ्हस्व-दीर्घ आहे. मराठी-कोकणी बोलताना आपण इ-ई मध्ये कानाला फार फरक ठेवत नाही, लिहिताना ठेवतो, त्यामुळे "शिप" आणि "शीप", "लिव्ह" आणि "लीव्ह" एक होतात, तिथं मेहनत घ्या. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क इंग्रजीत श्वास सोडून म्हणतात, आपण तसे म्हणत नाही, म्हणून अमेरिकन पाहुण्याला आपलं "पिन" हे "बिन" वाटू शकतं. फिलिपिनोला ही अडचण येत नाही कारण त्याचा प आपल्यासारखाच. वाक्यात नेमक्या कुठल्या शब्दावर जोर द्यायचा तेही त्या यादीत आहे, "आय वाँट द ब्लू टॉवेल" म्हणताना जोर ब्लू वर पडला नाही तर समोरचा दुसराच टॉवेल आणतो.

शिवाय लॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये अकरा देशांतल्या हजाराहून जास्त लोकांना वेगवेगळ्या देशांचे आवाज ऐकवले होते, तर ज्याची मातृभाषाच इंग्रजी तो कळायला सगळ्यात सोपा ठरला नाही, उलट कठीणांत मोडला. नुसतं ब्रिटिश ऑडिओ लावणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यायला हवं.

गोव्यात माध्यमावरून इतकी वर्षं भांडणं झाली, १९९० ला अनुदान मराठी-कोकणी शाळांना, २०११ ला इंग्रजीलाही. त्या सगळ्यात कुठलं इंग्रजी हा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही, त्यामुळे टीचर, तुम्ही विचारलात याचा मनापासून आनंद झाला.

पर्वरीची_आई

मला हे सगळं पटत नाही, स्पष्टच लिहिते. माझा मुलगा याच लाइनमध्ये जायचं म्हणतोय. इंटरव्ह्यू घेणारा काचरू वाचून येत नाही. आपण इंडियन इंग्लिश बरोबरच आहे म्हणत बसायचं आणि पोरगं "आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स" बोलून बाहेर यायचं, नुकसान कोणाचं? पैसेवाल्यांची मुलं चांगल्या शाळांतून फर्राटेदार शिकतात आणि सत्तरीच्या पोराला सांगायचं की तुझं आहे तसं चालेल, हा अन्याय आहे. सिंगापूरच्या सरकारनेच २००० साली चांगलं इंग्रजी बोला म्हणून मोहीम काढली होती ना, त्यांना काय आपल्या भाषेचा अभिमान नव्हता?

अंत्रुजी_मास्तर

ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि शेवटचा मुद्दा तर अगदी मान्य, गरीब घरच्या पोराला कमी शिकवायचं असं मी म्हणणारच नाही. व्याकरण, लेखन, ईमेल, सीव्ही हे सगळं प्रमाण इंग्रजीतच पक्कं करून घ्यायला हवं. पण ॲक्सेंट ही वेगळी गोष्ट. आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेमध्येसुद्धा उच्चार कळतो का याला गुण असतात, भारतीय ॲक्सेंट आहे म्हणून कापत नाहीत. सिंगापूरचं म्हणाल तर तिथला शिकलेला माणूस ऑफिसात एक इंग्रजी बोलतो, जेवणाच्या टपरीवर दुसरं, दोन्ही त्याला येतात. आपल्या पोरांनाही ही अदलाबदल जमू शकते, घरी कोकणी, बाजारात हिंदी, वर्तमानपत्र मराठी असं ती रोज करतातच.

दर्यावर्दी_वास्को

एक राहिलं. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केलाय, एसएमसीपी म्हणतात. त्यात मे, माइट, शुड, कुड असले मोघम शब्द टाळायला सांगितलंय आणि १५० ला वन फाइव्ह झिरो असं सुटं सुटं म्हणायचं. हे मुख्यतः ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथल्या ऑफिसरांसाठी, पण प्रवाशांना आगीच्या वेळी कुठं जमवायचं त्याचीही वाक्यं आहेत. १९९० ला स्कँडिनेव्हियन स्टार जहाजाला आग लागली, १५९ माणसं गेली, तिथं बऱ्याच क्रूला प्रवाशांशी बोलताच येत नव्हतं. पर्वरीच्या ताई, मुलाचा ॲक्सेंट कसाही असू दे, ही वाक्यं त्याच्याकडून झोपेतही म्हणून घ्या.

म्हापशेकर_टीचर

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचेही, सीव्ही आणि व्याकरणाचे तास मी अजिबात कमी करणार नाही. थ वर अडवणं मात्र सोमवारपासून बंद. आकडे आणि ऱ्हस्व-दीर्घ रोज, आणि ब्रिटिश ऑडिओ आठवड्यातून एकच दिवस. बाकीच्या दिवसांना मला खरे आवाज हवेत. दर्यावर्दी भाऊ, तुम्ही परत जाल तेव्हा तुमच्या फिलिपिनो आणि इंडोनेशियन सहकाऱ्यांची परवानगी घेऊन दोन-तीन मिनिटांची रेकॉर्डिंगं पाठवाल का? विषय काहीही चालेल, गाव, जेवण, ड्युटी. फक्त बोलताना मधेमधे केबिनचे नंबर येऊ देत.

दर्यावर्दी_वास्को

पाठवतो मॅडम. आमचा लॉन्ड्रीवाला जावाचा आहे आणि पुष्कळ बोलतो, त्याच्यापासून सुरू करतो.