डायोक्लेशियनने राज्य सोडले, की त्याला ते सोडावे लागले?

आडवाट

रोमन साम्राज्याच्या तिसऱ्या शतकाविषयी सध्या वाचन चालू आहे आणि एका प्रश्नापाशी मी अडलो आहे. इ. स. 235 ते 284 या जेमतेम पन्नास वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून अधिक सम्राट येऊन गेले आणि त्यांतले बहुतेक जण आपल्याच माणसांच्या हातून मारले गेले. या धामधुमीच्या शेवटी, डाल्मेशियातील सलोनाच्या परिसरात अगदी सामान्य घरात जन्मलेला डायोक्लीझ नावाचा एक लष्करी अधिकारी 20 नोव्हेंबर 284 रोजी निकोमीडियाजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमितजवळ, सैन्यापुढे सम्राट म्हणून उभा राहतो, डायोक्लेशियन हे नाव धारण करतो, वीस वर्षे राज्य टिकवतो आणि 1 मे 305 रोजी अंगावरचे राजवस्त्र उतरवून आपल्या मुलखात निघून जातो. त्याच्या आधी आपण होऊन पद सोडून निवृत्त झालेला रोमन सम्राट मला तरी सापडत नाही.

अडचण अशी की, या घटनेची दोन अगदी वेगळी चित्रे वाचायला मिळतात. एका चित्रात तो दूरदर्शी राज्यकर्ता आहे, ज्याने वारसाहक्काची व्यवस्था आधीच लावून ठेवली आणि ठरल्याप्रमाणे बाजूला झाला. दुसऱ्या चित्रात तो आजाराने खंगलेला म्हातारा आहे, ज्याला जावई गॅलेरियसने दमदाटी करून गादीवरून खाली उतरवले. यांपैकी कोणते चित्र विश्वसनीय मानावे? आणि जर सर्व काही योजनेप्रमाणे घडले असेल, तर त्याने घातलेली घडी दीड वर्षाच्या आत कशी विस्कटली? निवृत्तीनंतरची ती कोबीची गोष्ट, म्हणजे पुन्हा गादीवर या म्हणणाऱ्यांना त्याने आपण लावलेल्या भाजीचा हवाला दिल्याची, खरी आहे की नंतर कोणी रचलेली, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तरपक्ष

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर देण्याआधी साक्षीदार कोण आहे ते पाहू. दमदाटीची संपूर्ण कथा आपल्याला लॅक्टँशियसकडून मिळते. हा मूळचा आफ्रिकेतला वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक. त्याला निकोमीडियात स्वतः डायोक्लेशियननेच नेमले होते. 23 फेब्रुवारी 303 रोजी तेथील चर्च पाडून ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा या ख्रिस्ती शिक्षकाची नोकरी गेली. पुढे त्याने छळ करणाऱ्या सम्राटांचे शेवट किती वाईट झाले, हे दाखवण्यासाठीच एक पुस्तिका लिहिली. तीत गॅलेरियस आणि डायोक्लेशियन यांचे बंद दाराआडचे संभाषण शब्दशः दिलेले आहे आणि त्याच्या अखेरीस म्हातारा डोळ्यांत पाणी आणून "तसेच होऊ दे" म्हणतो. त्या दालनात लॅक्टँशियस नव्हता, त्यामुळे हे संभाषण मी पुरावा म्हणून धरत नाही. 1 मेच्या समारंभाचे वर्णन मात्र वेगळ्या तोलाचे आहे, कारण तो हजारो सैनिकांसमोर उघड्यावर झाला होता.

आजारपण खरे होते, याविषयी मला शंका नाही. नोव्हेंबर 303 मध्ये राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षाचा उत्सव करायला तो रोमला गेला, तेथील लोकांचा मोकळेपणा त्याला सोसला नाही आणि ऐन हिवाळ्यात तो तडकाफडकी बाहेर पडला. वाटेत थंडीपावसाने जडलेले दुखणे वर्षभर हटले नाही. डिसेंबर 304 मध्ये तर तो गेल्याचीच आवई निकोमीडियात उठली होती, आणि 1 मार्च 305 रोजी तो लोकांपुढे आला तेव्हा ओळखू येणार नाही इतका वाळलेला होता.

तरीही निवृत्तीचा विचार या दुखण्यातून जन्मला, असे मला वाटत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. निवृत्तीनंतर तो जिथे राहिला तो सलोनाजवळच्या स्प्लिट येथील अवाढव्य प्रासाद काही महिन्यांत उभा राहणारा नव्हे. तो आजारपणाच्या बराच आधीपासून बांधला जात होता, आणि सम्राटाच्या कोणत्याही राजधानीपासून तो दूर आहे. दुसरे कारण असे की, त्याचा सहसम्राट मॅक्सिमियन याने त्याच 1 मे रोजी मिलानमध्ये पद सोडले. एक सम्राट दुखण्याने उतरला असता तर शेकडो कोस दूर असलेला दुसरा धडधाकट सम्राट त्याच दिवशी का उतरावा? मॅक्सिमियनकडून रोममध्ये ज्युपिटरच्या मंदिरात तशी शपथ आधीच घेतली गेली होती, असे 307 सालच्या एका दरबारी स्तुतिभाषणातून सूचित होते. मनाविरुद्ध झालेली ती निवृत्ती त्या गृहस्थाने किती पाळली, हे पुढे दिसलेच.

म्हणून माझे मत असे की, जायचे हे ठरलेले होते आणि त्याने ठरवलेले होते. कोणाच्या हाती सोपवून जायचे, यात मात्र गॅलेरियसचा हात दिसतो. डायोक्लेशियनने 286 मध्ये मॅक्सिमियनला बरोबरीचा ऑगस्टस, म्हणजे ज्येष्ठ सम्राट, केले होते आणि 1 मार्च 293 पासून कॉन्स्टँशियस व गॅलेरियस हे दोन सीझर, म्हणजे कनिष्ठ सम्राट, हाताखाली घेतले होते. ऑगस्टस उतरले की सीझरांनी वर चढायचे आणि नवे सीझर नेमायचे, असा क्रम होता. निकोमीडियाबाहेर तीन मैलांवर, ज्या टेकडीवर गॅलेरियसला पद मिळाले होते तेथेच, सैन्य जमले तेव्हा सगळ्यांच्या नजरा कॉन्स्टँशियसचा तरणाबांड मुलगा कॉन्स्टंटाईन याच्यावर होत्या. डायोक्लेशियनने नावे घेतली ती सेव्हेरस आणि मॅक्सिमिनस दाया यांची. गॅलेरियसने कॉन्स्टंटाईनला हाताने मागे सारून दायाला, आपल्या भाच्याला, पुढे आणले. डायोक्लेशियनने स्वतःचे राजवस्त्र त्याच्या खांद्यावर घातले आणि तो पुन्हा नुसता डायोक्लीझ झाला. सेव्हेरस हा गॅलेरियसचा जुना लष्करी सोबती होता. दोन्ही सीझर एकाच्याच बाजूचे निघावेत, हा योगायोग म्हणणे कठीण आहे.

घडी विस्कटण्याचे बीजही येथेच आहे. डायोक्लेशियनला मुलगा नव्हता; मुलगी व्हॅलेरिया होती आणि ती गॅलेरियसला दिलेली होती. पोटच्या मुलाला डावलून लायक माणूस निवडायचा, ही गोष्ट त्याला स्वतःला फुकटात जमून गेली. कॉन्स्टँशियस आणि मॅक्सिमियन यांना मुलगे होते आणि सैनिकांची निष्ठा बापाकडून मुलाकडे जाते, हे छावणीतल्या कोणत्याही शिपायाला ठाऊक होते. 25 जुलै 306 रोजी कॉन्स्टँशियस ब्रिटनमध्ये यॉर्क येथे वारला आणि त्याच्या सैन्याने तेथेच कॉन्स्टंटाईनला सम्राट केले. 28 ऑक्टोबरला रोममध्ये मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंशियस उठला आणि त्याने बापालाही पुन्हा मैदानात आणले.

टाकसाळ

उत्तरपक्ष यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण निवृत्तीचा प्रश्न त्याच्या बाकीच्या कारभारापासून तोडून पाहू नये, असे वाटते. या माणसाचा एक ठाम समज दिसतो की, नीट विचार करून हुकूम काढला म्हणजे जग त्याप्रमाणे चालते. जिथे हुकमामागे माणूसबळ होते, तिथे ते खरेच चाललेही. सुमारे पन्नास प्रांतांचे त्याने जवळजवळ शंभर केले, त्यांचे बारा मोठे विभाग पाडले, जमीन आणि माणसे यांची मोजणी करून करआकारणी बसवली. ही चौकट त्याच्यानंतर कितीतरी पिढ्या टिकली. इराणचा राजा नर्सेह याच्याविरुद्धच्या युद्धात गॅलेरियसने 298 मध्ये इराणी सैन्याचा जो पराभव केला आणि त्यानंतर निसिबिसचा जो तह झाला, तोही याच बळाचे फळ होते.

बाजारात मात्र हा समज उघडा पडला. त्याच्या आधीच्या काळात रोजच्या वापरातल्या 'चांदीच्या' नाण्यातील चांदी पाच टक्क्यांच्याही खाली घसरली होती. ते वस्तुतः चांदीचा मुलामा दिलेले तांबेच होते. डायोक्लेशियनने चांगल्या चांदीचे नवे नाणे पाडले, पण हलक्या नाण्यांचा ओघ थांबवला नाही. 1 सप्टेंबर 301 पासून नाण्यांचे दर्शनी मूल्य एका फटकाऱ्यात दुप्पट केल्याचा हुकूम आजच्या तुर्कस्तानातील ॲफ्रोडिसियस येथील शिलालेखात आहे. दुकानदाराने काय केले असेल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कमाल किमतींचे प्रसिद्ध फर्मान निघाले. त्याच्या प्रस्तावनेत सगळा दोष व्यापाऱ्यांच्या हावेवर टाकला आहे आणि सैनिकाचा पगार व बक्षिसी एकाच खरेदीत संपून जाते, अशी तक्रार आहे. नाण्याचा त्यात उल्लेखही नाही.

यादी मात्र वाचण्यासारखी आहे. हजारांहून अधिक वस्तू आणि कामे तीत आहेत: शेतमजुराला जेवून दिवसाला 25 दिनार, सुताराला 50, भित्तिचित्र काढणाऱ्याला 75, न्हाव्याला एका डोक्यामागे 2, व्याकरण शिकवणाऱ्याला दर विद्यार्थ्यामागे महिना 200. डुकराच्या मांसाला रतलामागे 12 आणि गाईच्या मांसाला 8. शर्यतीच्या मैदानात सोडायचा उत्तम सिंह दीड लाखाला. शेर सव्वाशेराचा भाव ठरवणाऱ्या या सम्राटाने भाजीच्या यादीत कोबीही सोडलेला नाही. जास्त भाव घेणाऱ्याला आणि माल दडवणाऱ्याला शिक्षा एकच, देहदंड. लॅक्टँशियस म्हणतो की, क्षुल्लक वस्तूंवरून रक्त सांडले, भीतीने माल बाजारातून नाहीसा झाला आणि शेवटी कायदा गुंडाळावा लागला. तो वैरी लेखक असला तरी येथे त्याचे म्हणणे अविश्वसनीय वाटत नाही.

अल्लाउद्दीन खलजीच्या दिल्लीतील भावनियंत्रणाशी याची तुलना मनात येते आणि ती उपयोगी आहे. अल्लाउद्दीनने प्रामुख्याने दिल्लीचा बाजार हाती घेतला, दुआबातला सारा धान्यरूपाने वसूल करून सरकारी कोठारे भरली, बाजारावर शहना, म्हणजे देखरेख करणारा अधिकारी, नेमला आणि वर हेर ठेवले. डायोक्लेशियनने सीरियापासून अटलांटिकपर्यंत एकच कमाल भाव लावला, पण जिथे माल पिकत नाही तिथे तो त्याच भावात पोचवायचा कोणी, हे सांगितले नाही. फर्मानाचे तुकडेही प्रामुख्याने पूर्वेकडच्या प्रांतांतच सापडतात. म्हणजे पश्चिमेकडील सहकाऱ्यांनी ते दगडावर कोरण्याचे कष्टही फारसे घेतले नसावेत.

आडवाट

दोघांचेही आभार. सोन्याचा भाव फर्मानात रतलामागे 50,000 दिनार होता, असे माझ्याजवळच्या जुन्या पुस्तकात आहे आणि नव्या पुस्तकात 72,000 आहे. हा छपाईचा दोष आहे का?

टाकसाळ

छपाईचा दोष नाही. पूर्वी उपलब्ध असलेल्या तुटक प्रतींवरून 50,000 असे वाचले जात असे. पुढे तुर्कस्तानातील आयझानोई येथे जो मजकूर सापडला, त्यात आकडा स्वच्छ 72,000 आहे. नवे पुस्तक बरोबर आहे.

भरतीओहोटी

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण काही वर्षांपूर्वी क्रोएशियात स्प्लिटला तीन दिवस राहिले होते, म्हणून कोबीविषयी दोन शब्द.

ती गोष्ट 308 मध्ये डॅन्यूबकाठच्या कार्नुंटम या रोमन लष्करी ठाण्यात झालेल्या सम्राटांच्या बैठकीच्या सुमाराची सांगतात. मॅक्सिमियन आणि गॅलेरियस त्याला पुन्हा गादीवर यायची गळ घालत होते, तेव्हा त्याने उत्तर दिले की, माझ्या हातांनी सलोन्याला लावलेली भाजी तुम्ही पाहिली असती तर हे बोलला नसता. मूळ लॅटिन शब्द नुसता 'भाजी' असा आहे. कोबी नंतरच्या सांगणाऱ्यांनी त्यात लावला. ही हकीकत जवळजवळ शंभर वर्षांनंतरच्या एका छोट्या ग्रंथात येते. शब्द त्याचेच असतील असे नाही, पण त्या बैठकीला तो गेला होता, गॅलेरियसचा मित्र लिसिनियस तेथे ऑगस्टस झाला आणि स्वतः डायोक्लेशियन परत आला नाही, एवढे पक्के आहे.

मात्र भाजीपाल्याचा वाफा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे झोपडे येते, तसे तेथे काही नाही. समुद्राकाठी दोनशे मीटरांहून लांब भिंती, कोपऱ्यांना बुरूज, अर्ध्या भागात सैनिकांची वस्ती आणि इजिप्तहून आणलेले काळ्या दगडाचे स्फिंक्स. हा किल्लाच आहे. सातव्या शतकात सलोना पडल्यावर तेथील माणसे या भिंतींच्या आत येऊन राहिली आणि आजही राहतात. सम्राटाच्या खांबांना टेकून लोक कॉफी पितात आणि वर खिडकीत कपडे वाळत असतात. खालची तळघरे शतकानुशतके कचऱ्याने भरलेली होती, ती विसाव्या शतकात मोकळी केली. वरच्या नाहीशा झालेल्या दालनांचा आराखडा आता त्या तळघरांवरूनच कळतो. त्याची समाधी अष्टकोनी आहे आणि मध्ययुगात तिचे चर्च झाले, तेही संत डोम्नियसचे, म्हणजे त्याच्याच छळात 304 मध्ये मारल्या गेलेल्या सलोनाच्या बिशपाचे. ख्रिस्ती कालगणनेचेही तेच झाले. इजिप्तमध्ये वर्षे डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून मोजत. 525 मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूने, छळ करणाऱ्याचे नाव पुढे चालवायचे नाही म्हणून, येशूच्या जन्मापासून मोजणी मांडली, आणि आपण वरच्या सगळ्या प्रतिसादांत लिहितो ते सन त्या मोजणीचेच आहेत. इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चने मात्र 284 हाच आरंभ ठेवला आणि त्याला हुतात्म्यांचा शक म्हटले.

आडवाट यांच्या मूळ प्रश्नाविषयी माझा थोडा वेगळा सूर आहे. सोडले की सोडावे लागले, यापेक्षा सोडल्यानंतर त्याच्या हाती काय उरले, हे मला अधिक बोलके वाटते. 311 मध्ये गॅलेरियस मरताना ख्रिस्ती लोकांना मोकळीक देऊन गेला. विधवा झालेल्या व्हॅलेरियाला दायाने लग्नाची मागणी घातली. तिने नाकारल्यावर तिची मालमत्ता जप्त करून तिला आणि तिची आई प्रिस्का हिला सीरियात हद्दपार केले. डायोक्लेशियनने मुलीला आपल्याकडे पाठवावे म्हणून दायाकडे पुन्हा पुन्हा माणसे धाडली. ज्याच्या खांद्यावर त्याने स्वतःचे राजवस्त्र घातले होते, त्या दायाने ती रिकाम्या हातांनी परत पाठवली. म्हातारा याच सुमारास, 311 ते 313 च्या दरम्यान केव्हातरी, त्या प्रासादात वारला. मायलेकी पुढे पंधरा महिने साध्या वेशात भटकल्या आणि अखेर थेस्सलोनिकी येथे लिसिनियसच्या हुकमाने भर चौकात त्यांची डोकी उडवून धडे समुद्रात टाकण्यात आली.